वारा कुठून येतो ते हाताला कळतं



दिवाळी सरली आणि थंडीनं पाय पसरले. निफाडकडं तर पारा दहाच्या खाली उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. आपल्या घरांत खोली तापवायची यंत्रं नसतात. आपली थंडी निभते चुलीवर, बंबावर, गॅसवर आणि गोधडीवर. म्हणजे थंडीचा खर्च हा सरपणाचा, सिलिंडरचा आणि लाइट बिलाचा. आज आपण तो खर्च कमी करण्याबद्दल आणि त्यासाठी लागणाऱ्या घराच्या डागडुजीबद्दल बोलणार आहोत. हे बोलणं आहे ते आपल्यातल्या ज्या बहिणींना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्याशी. बाकीच्यांनी रेडिओ बंद करू नका. तुमच्यासाठीही यात काम आहे.

आमच्या गटांत अशा बाया आहेत. कुणाला जन्मापासून दिसत नाही, कुणाची नजर काचबिंदूनं गेली, कुणाची साखरेच्या आजारानं. आधी एक सांगून ठेवतो. नजर कमी होत असेल तर तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशननं दिसू लागतं आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत होतं. पण काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. मग पुढचं आयुष्य त्या नजरेशिवाय, पण नीट जगायचं असतं.

अशा बाईचं घरात काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिच्या हातातलं काम काढून घेतलं जातं. कुणी वाईट मनानं करत नाही. आमच्या गटातल्या एक मावशी आहेत. नजर जायच्या आधी त्या स्वतः चूल घालायच्या, भिंती लिंपायच्या, दाराची बिजागरी बसवायच्या. नजर गेल्यावर सून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही बसा, लागेल तुम्हाला." मुलगा म्हणाला, "आई, आम्ही आहोत ना." दोन वर्षं मावशी खाटेवर बसून होत्या. थंडीत त्या सांगायच्या, "अरे, पायाकडून वारा येतोय." मुलगा दाराकडं बघायचा आणि म्हणायचा, "दार तर बंद आहे, आई." एका पहाटे मावशींनी हात ओला केला आणि दाराच्या चौकटीवरून फिरवला. बिजागरीच्या बाजूला, खालून दीड वीत वर, बरोबर वारा लागला. वरची बिजागरी सैल होऊन दार कललं होतं. घरात चार माणसं डोळ्यांनी बघत होती, कुणाला ते दिसलं नव्हतं. वारा दिसत नाहीच, तो लागतो. म्हणून थंडीच्या डागडुजीत ज्यांना दिसत नाही त्या मागं पडत नाहीत. हात, कान आणि नाक यांवर चालणारं हे काम आहे.

आता काम कसं करायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी हत्यारांची जागा ठरवा. हातोडी, पक्कड, पेचकस, खिळ्यांचा डबा, दोरी. एका पिशवीला कप्पे शिवून घ्या आणि ज्याचा कप्पा त्यालाच. घरातल्या बाकीच्यांनी वापरलं तर तिथंच परत ठेवायचं, हा नियम कडक पाळा. काम करताना हत्यारं परातीत ठेवा. परातीला काठ असतो, त्यामुळं स्क्रू निसटला तरी घरंगळत जात नाही. खाली पडलेला खिळा शोधायला जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक फिरवा. माप घ्यायला दोरीला दर वितीवर एक गाठ मारून ठेवा, की लांबी बोटांनी मोजता येते. खिळा ठोकताना तो बोटात धरू नका. कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरा आणि चिमट्याचं टोक हातात ठेवा, बोटावर घाव बसत नाही. पहिले दोन-तीन घाव हलके मारा, खिळा उभा राहिला का ते चाचपा, मग जोरात मारा. जिथं खूण हवी तिथं टिकली लावा. कपाळावर लावतो तीच, खडा असलेली. बटण, डबा, चौकटीवरची जागा, सगळं टिकलीनं ओळखता येतं.

आता वारा शोधू या. पहाटे, बाहेर गार असताना, हाताची मागची बाजू ओली करून दार-खिडकीच्या चौकटीवरून सावकाश फिरवा. जिथं वारा येतो तिथं ओली कातडी लगेच गार पडते. दुसरी युक्ती आपल्या या रेडिओची. रेडिओ चालू करून बाहेर दारापाशी ठेवा, दार लावून घ्या आणि आतून चौकटीला कान लावत फिरा. जिथं आवाज एकदम मोठा येतो, तिथं फट आहे. सापडलेल्या जागी टिकली चिकटवा. सगळ्या फटी शोधून झाल्यावरच बुजवायला बसा. फुटक्या काचेवर मात्र उघडं बोट फिरवू नका, जाड फडकं गुंडाळून चाचपा.

दाराची कडी धरून दार वर उचलून बघा. हललं तर बिजागरी सैल आहे. स्क्रू काढून त्या भोकात काड्यापेटीच्या दोन-तीन काड्यांचं लाकूड गुल काढून घाला आणि स्क्रू पुन्हा पिळा. त्याला लाकूड सापडतं आणि तो घट्ट बसतो. मावशींचं दार असंच सरळ झालं. चौकटीच्या कडेनं फट असेल तर सायकलची जुनी ट्यूब लांब चिरून पट्टी करा आणि चुकांनी ठोकून घ्या. दार लागताना ती दबते आणि वारा अडतो. उंबऱ्याखालच्या फटीसाठी जुन्या साडीची लांब नळी शिवा, तिच्यात भुसा नाहीतर वाळू भरा आणि रात्री दाराला लावून ठेवा. सकाळी ती एका ठरलेल्या खुंटीला टांगा, वाटेत पडली तर पाय अडखळेल. मातीच्या भिंतीची भेग असेल तर माती, शेण आणि भुसा कालवून भरा. सिमेंटच्या भिंतीला एक भाग सिमेंटला चार भाग वाळू घ्या, भेग आधी ओली करा, नाहीतर माल सुटून येतो. वर हात फिरवला की कुठं उंच, कुठं खोल राहिलं ते बोटांना लगेच कळतं. पत्र्यावर चढायचं काम मात्र आपण एकटीनं करायचं नाही. ते दिसणाऱ्यांनीही एकटीनं करायचं नसतं.

एक सावधगिरी. स्वयंपाकघरातलं धुराडं, गवाक्ष आणि झरोका बुजवायचा नाही. चूल आणि गॅसला हवा लागते. आणि पेटती शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं घेऊन, दार लावून कधीही झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. ज्यांचं नाक तिखट आहे त्यांनाही तो कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो. ऊब हवी असेल तर अंथरुणात आणा. आपण पांघरुणं वाढवतो, पण गारवा जमिनीतून चढतो. गोधडीखाली गोणपाट आणि वाळलेला पेंढा घाला. वरचं एक पांघरूण कमी लागेल.

आता पाण्याकडं येऊ. थंडीत सगळ्यात जास्त जळण जातं ते अंघोळीच्या पाण्याला. लाकूड वाळलंय की ओलं, हे कानाला चांगलं कळतं. दोन लाकडं एकमेकांवर आपटा. वाळलेलं खणखणतं, ओलं बद्द वाजतं आणि हाताला जड लागतं. ओल्या लाकडाची बरीच आग त्यातलं पाणी वाळवण्यातच जाते आणि धूर होतो तो वेगळा. तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याची रिकामी कणसं आणि गोवऱ्या वेगवेगळ्या ढिगांत ठेवा, हाताला सापडतात. बंबाच्या आत हात घालून चाचपा, अर्थात तो थंड असताना. खरखरीत थर लागला तर क्षार साचलेत. ते असले की पाणी उशिरा तापतं. चिंचेच्या पाण्यात रात्रभर भिजवून घासून काढा. पाण्यावर झाकण ठेवाच. आणि ज्यांना दुपारी अंघोळ चालते त्यांनी काळा कॅन भरून सकाळपासून उन्हात ठेवावा. कोमट पाणी फुकट मिळतं.

विजेचा रॉड वापरत असाल तर नीट ऐका. पंधरा लिटरची बादली अंघोळीपुरती तापवायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. दीड हजार वॉटचा रॉड असेल तर वीस मिनिटं पुरतात. बोलणाऱ्या मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावा. विसरलं तर युनिट जातं आणि पाणी ऊतू जाईस्तोवर उकळतं. रॉड लोखंडी बादलीत टाकायचा नाही. प्लास्टिकच्या बादलीवर आडवी काठी ठेवून तिला टांगा, म्हणजे तो बादलीला चिकटत नाही. रॉडवरच्या खुणेपर्यंत पाणी आलंय का ते प्लग लावायच्या आधी हातानं बघा, मग हात कोरडे करा, मग प्लग. पाण्यात हात घालायच्या आधी बटण बंद आणि प्लग बाहेर. रॉडच्या प्लगला तीन दांडे असतात. त्यातला लांब आणि जाड दांडा अर्थिंगचा. चाचपून बघा. तो तोडलेला असेल तर तो प्लग वापरू नका.

गॅस किती उरला हे न बघता कळतं. सिलिंडरच्या एका अंगावरून वरून खाली कोमट पाणी ओता आणि थोड्या वेळानं त्याच जागेवरून हात फिरवा. वरचा भाग कोमट लागेल, जिथून खाली गार लागतं तिथपर्यंत गॅस आहे. डाळ आणि कडधान्य आधी भिजत घाला. भाताला उकळी येऊन तो अर्धा शिजला की पातेलं झाकण घट्ट लावून गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवा. उरलेला भात आपल्या वाफेवर शिजतो. तीस दिवसांचा सिलिंडर चाळीस दिवस चालला, तर थंडीच्या चार महिन्यांत चाराच्या जागी तीन लागतात. हिशेबासाठी दर नवीन सिलिंडरला दोरीत एक गाठ मारा आणि रोज डब्यात एक खडा टाका. पुढचा सिलिंडर लागला की खडे मोजा. हा हिशेब कुणी वाचून दाखवायची गरज नाही, तुमचा तुम्हाला कळतो.

गॅसची नळी महिन्याला एकदा बोटांनी तपासा. चिरा किंवा फुगवटा लागला तर लगेच, नाहीतर पाच वर्षांनी बदला. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून वास खाली वाकून घ्या. वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालू असेल तरी बंद करायचं नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि 1906 या नंबरला फोन करा. तो नंबर दिवसरात्र चालतो. आजच पाठ करून ठेवा.

आता ज्यांना दिसतं त्या बायांसाठी. घरातल्या वस्तूची जागा बदलली तर तोंडानं सांगा. "तिकडं आहे" असं म्हणू नका, "तुमच्या उजव्या हाताला, एक हातावर" असं म्हणा. हातातून काम घेऊ नका, विचारा, "काय धरू?" वेळ जास्त लागेल, लागू द्या. हात एकदा कामातून सुटला की परत बसवायला फार दिवस जातात आणि मन तर त्याहून उशिरा येतं.

गटांनीही विचार करावा. दिसत नाही म्हणून कुणाला गटाबाहेर ठेवायचं कारण नाही. आजीविका अभियानात साध्या गटाला दहा बाया लागतात, पण दिव्यांगांचा वेगळा गट पाच जणांवरही होतो. तुमच्या गटात अशी सभासद असेल तर बैठकीत तिचं बचतीचं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवा, अंगठा घेण्याआधी. डागडुजीला लागणारं सामान, म्हणजे चुका, बिजागरी, गॅसची नळी, अंतर्गत कर्जातून सहज येतं. आमच्या गटांनी कार्तिकात एक दिवस ठरवला आहे. त्या दिवशी पाच-सहा जणी मिळून एकेकीच्या घरी जातो, फटी शोधतो आणि बुजवतो. मागच्या साली त्या मावशी सगळ्यांच्या पुढं होत्या. ओला हात फिरवत चालायच्या आणि म्हणायच्या, "इथं ठोका गं." दिसणाऱ्या बाया त्यांच्या मागून हातोडी घेऊन. आता शेजारपाजारच्या बाया थंडी आली की त्यांना बोलावणं धाडतात, आणि सूनही म्हणते, "आत्याबाई, पिशवी घेऊन जा तुमची."

तर या आठवड्यात एवढं करा. ज्यांना दिसत नाही त्यांनी उद्या पहाटे हात ओला करून आपल्या घराचं एक दार तपासा. ज्यांच्या घरी अशी कुणी आहे त्यांनी तिच्या हातात हातोडी आणि चिमटा द्या आणि शेजारी उभ्या राहा. काय सापडलं ते पुढच्या बैठकीत सांगा. आम्ही ऐकायला येतो.