ऊन पाण्याचे कुंड : देवाचा प्रसाद आणि भाविकांचे कर्तव्य



मंदिराचा जीर्णोद्धार झाला की सर्वांची दृष्टी कळसाकडे जाते. कुंडाकडे क्वचितच जाते. कोकणात देऊळ आणि ऊन पाण्याचे कुंड यांची जोडी जुनी आहे. उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे ही गावांची नावेच त्याची साक्ष देतात. १७३९ च्या वसईविजयानंतर चिमाजी अप्पांचा नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले, अशी परंपरा आहे. तेथून जवळच, तानसेच्या काठी, अकलोली व गणेशपुरीची कुंडे आहेत.

कोकणात जागता ज्वालामुखी नाही. मग पाणी तापते कसे? पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते, वाटेत क्षार विरघळवून घेते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. काही ठिकाणी येणारा उग्र वास गंधकाचा असतो.

गुडघे धरलेली म्हातारी माणसे कुंडातून हलकी होऊन बाहेर येतात, ही केवळ भावना नव्हे. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात. कमरेइतक्या पाण्यात सांध्यांवरील भार सुमारे निम्म्याने कमी होतो. संधिवाताच्या वेदना त्यामुळे काही काळ शमतात. परंतु आराम वेगळा आणि रोग बरा होणे वेगळे. कुंडाच्या भरवशावर मधुमेहाचे वा रक्तदाबाचे औषध सोडणे ही भक्ती नव्हे.

पाणी सोसवेल इतकेच ऊन असावे आणि दहा-पंधरा मिनिटे पुरेत. हृदयविकाराच्या रोग्यांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे. मधुमेह्याच्या बधिर पायांना चटका कळत नाही. त्याच्यासोबत घरचे माणूस असावे. डोके बुडवू नये, कारण उबदार गोड्या पाण्यात वाढणारा एक सूक्ष्म जीव नाकावाटे शिरल्यास प्राणघातक ठरू शकतो. त्वचेचा रोग जावा म्हणून पुष्कळजण येतात; पण उघडी जखम घेऊन उतरणाऱ्याने स्वतःची जखम चिघळवू नये आणि दुसऱ्यालाही बाधा देऊ नये.

म्हणून अंग आधी बाहेर धुवावे. साबण, निर्माल्य, कपडे कुंडात नेऊ नयेत. आलेले पाणी वाहते राहील अशी मोरी ठेवावी. स्त्रियांसाठी आडोसा आणि वृद्धांसाठी पायऱ्यांना कठडा, एवढे झाले तरी देणगीचे सार्थक होईल.

कळस दुरून दिसतो, कुंड जवळ गेल्यावरच दिसते. दोन्ही निर्मळ राहोत, हीच देवाचरणी प्रार्थना.