स्लॅब मोजायला शिका



मला इथं कविता वाचायला बोलावलंय असं काहींना वाटलं असेल. आज कविता नाही, हिशेब आहे. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. धक्क्यावर पोलादाची कॉईल उतरवताना नग किती, वजन किती, पाळी कुठली हे लिहून ठेवावं लागतं. नाही लिहिलं तर मजुरी बुडते. तीच सवय घेऊन मी या मुंबईत वर चढणाऱ्या मोठमोठ्या इमारतींकडं बघतो.

पहिला हिशेब बीडीडी चाळींचा. 1920 च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं या चाळी बांधल्या. शहराला हात पाहिजे होते. त्या हातांना रात्री आडवं व्हायला 160 चौरस फुटांची खोली दिली. वरळीत 121 चाळी, नायगावात 42, ना. म. जोशी मार्गावर 32, शिवडीत 12. एकूण 207. याच वरळीत जानेवारी 1974 मध्ये पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, आणि 10 जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव दगड पडून मेला. म्हणजे या भिंती नुसत्या जुन्या नाहीत. त्यांना आपलं रक्त लागलेलं आहे.

22 एप्रिल 2017 ला पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. 160 च्या जागी 500 चौरस फूट, फुकट. 1 ऑगस्ट 2021 ला वरळीत पुन्हा समारंभ. मग 14 ऑगस्ट 2025 ला वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या. आता मांडा गणित. एका चाळीत 80 खोल्या, तर एकट्या वरळीतच साडेनऊ हजारांवर खोल्या. भूमिपूजनापासून आठ वर्षांत त्यातल्या शंभराला सहा घरंसुद्धा नाहीत!

मी चावीची टवाळी करत नाही. जन्मभर सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या म्हातारीला घरात स्वतःचं न्हाणीघर मिळतं ही लहान गोष्ट नाही. पण ज्यांना चावी मिळाली त्यांचा फोटो छापला जातो, आणि वाट बघता बघता जे वैकुंठाला नाही, सरळ सरणावर गेले, त्यांचा आकडा कुणी छापत नाही.

आणि शिवडी? तिथल्या 12 चाळी बंदराच्या जमिनीवर, म्हणजे केंद्राच्या. म्हणून 2017 च्या कामात त्या नव्हत्याच. त्याच शिवडीतून 21.8 किलोमीटरचा सागरी पूल निघाला, 12 जानेवारी 2024 ला उद्घाटनही झालं. समुद्र ओलांडता आला. दोन सरकारांमधली फाईल ओलांडता आली नाही.

दुसरा हिशेब आपल्या काळजाचा आहे, म्हणून सांभाळून मांडतो. इंदू मिल. 6 डिसेंबर 2011 ला आपली माणसं फाटक उघडून आत घुसली, तेव्हा कुठं दिल्लीला जाग आली. सुमारे 12 एकर जमीन स्मारकासाठी द्यायचं ठरलं. 11 ऑक्टोबर 2015 ला पायाभरणी. 2020 मध्ये पुतळा 350 फुटांचा आणि चौथरा 100 फुटांचा करायचं ठरलं, खर्च गेला सुमारे 1,090 कोटींवर. पायाभरणीला दहा वर्षं उलटून गेली. मुदती येतात आणि जातात.

पुतळ्याची उंची आपल्या पोरापोरांना पाठ आहे. पण त्याच आराखड्यात ग्रंथालय आहे, संशोधन केंद्र आहे, हजार माणसांचं सभागृह आहे. त्या ग्रंथालयात किती पुस्तकं येणार? वडाळ्याच्या झोपडीत दिवा नीट लागत नाही तिथल्या पोराला रात्री बारापर्यंत बसता येईल का? हे कोण विचारतंय? बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहिले, आणि जेव्हा स्वतः घर बांधलं तेव्हा राजगृह बांधलं, पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. बांधकाम कशासाठी करायचं हे त्यांनी दाखवून दिलंय.

आणि हेही लिहून ठेवा: 25 जून 2016 ला दादरचं आंबेडकर भवन पहाटेच्या अंधारात पाडलं. बांधायला दहा वर्षं पुरत नाहीत, पाडायला एक पहाट पुरते.

तिसरा हिशेब कुठल्याच फलकावर नसतो. गोदीत लागण्याआधी मी एका टॉवरवर बिगारी होतो. नाक्यावरून मुकादम उचलायचा. मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची माणसं. बहुतेक आपल्याच जातीची नाहीतर आपल्यासारखीच. आमच्या टोळीतला एकजण परांचीवरून पडला, पाय मोडला. ठेकेदार म्हणाला, हा आमचा नव्हेच. हजेरीबुकात त्याचं नावच नव्हतं! मी दाखला मागितला तर मलाच दुसऱ्या दिवशी नाक्यावर सोडलं.

दाखल्याचं महत्त्व ऐका. 1996 च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर किमान 1 टक्का उपकर लावला, मजुरांच्या कल्याणासाठी. पण त्यातली मदत घ्यायला नोंदणी लागते, आणि नोंदणीला गेल्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा पुरावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा नव्या संहितांमध्ये गेला. उपकर तिथंही आहे, 90 दिवसही आहेत. म्हणजे पैसा मजुराच्या नावानं जमतो, आणि मजुराचं नाव मात्र बुकात नसतं. ही चोरी कुलूप न तोडता होते.

तेव्हा दोस्तांनो, घोषणा देऊन घरी जाऊ नका. आपल्या वस्तीजवळ जे काम चालू असेल तिथं जा. किती टक्के झालं हे साहेबाला विचारू नका. टक्का त्याच्या तोंडात असतो, स्लॅब डोळ्यांना दिसतो. दर महिन्याला स्लॅब मोजा, तारीख टाका. पुढची मुदत कुठली, ती कुणाच्या सहीची, माहितीच्या अधिकारात मागा. आणि नाक्यावरच्या माणसाला एक वही द्या. आज कुठं काम केलं, कुणी नेलं, किती दिले, एवढंच लिहा म्हणावं. ज्याला लिहिता येत नाही त्याची वही आपण लिहू. आपण कवी म्हणवतो ना? मग हेही लिहिणंच आहे.

उंच इमारतीकडं मान वर करून बघायची आपल्याला शतकांची सवय. मान वर करा, जरूर करा, पण मोजण्यासाठी करा.

जयभीम.