ऑक्सिजन होडीवरच हवा



डॉक्टर, नौदलाचे वैद्यकीय अधिकारी, डायव्हिंगचे प्रशिक्षक आणि मालवण-तारकर्लीचे गाईड व खलाशी यांची ही परिषद मालवणात भरते आहे, हे योग्यच झाले. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि 2023 चा नौदल दिन भारतीय नौदलाने याच किल्ल्याच्या साक्षीने साजरा केला. आज किल्ल्याभोवतालच्या पाण्यात सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांची रीघ लागते. जन्मात समुद्र न पाहिलेला घाटावरचा माणूसही इथे येऊन प्रवाळ पाहून जातो. माणसाला पाण्याखाली न्यायचे कसे, हे या किनाऱ्याला चांगले जमले आहे. तिथे त्याला काही झाले, तर वर आणल्यावर पुढचे काही तास काय करायचे, हा या परिषदेचा विषय.

दर 10 मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे 30 मीटरवर डायव्हर चौपट दाबाची हवा श्वासात घेतो. त्यातला ऑक्सिजन शरीर वापरते. नायट्रोजन मात्र रक्तात आणि चरबीत विरघळून साठत राहतो. सावकाश वर आले की तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आले, तर आतल्या आत त्याचे बुडबुडे होतात. ते सांध्यांत झाले तर माणूस कळवळतो, मज्जारज्जूत झाले तर त्याचे पाय लुळे पडू शकतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बर्ट यांनी 1878 साली हे कारण मांडले. त्याआधीपासून या दुखण्याची किंमत मजूर मोजत होते. ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत खोदकाम चाले. तिथे 1872 मध्ये खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग कायमचा जायबंदी झाला आणि त्याची पत्नी एमिली त्याचे निरोप घेऊन कामावर जाऊ लागली.

उपायाची गोष्ट हडसन नदीखालच्या बोगद्यात घडली. अर्नेस्ट मॉयर हा अभियंता 1889 च्या सुमारास तिथे आला, तेव्हा 45-50 कामगारांतला जवळजवळ एक जण दरमहा मरत होता. मॉयरने लोखंडी खोली बसवली, दुखणाईताला तिच्यात निजवून पुन्हा दाब दिला आणि मग तो हळूहळू उतरवला. पुढच्या 15 महिन्यांत सुमारे 120 कामगारांत दोनच मृत्यू झाले. मॉयर डॉक्टर नव्हता. कामावरच्या माणसांचे मरण त्याने चालवून घेतले नाही, म्हणून आजचे चेंबर घडले.

दुखणे मुळात होऊच नये, याचे गणित ब्रिटनच्या जे. एस. हाल्डेन यांनी 1908 मध्ये मांडले. पोलादी टाकीत बकऱ्या ठेवून त्यांनी दाब चढवला-उतरवला. बकरी पुढचा पाय उचलून धरू लागली की तिला दुखते आहे, असे ते ओळखत. वर येताना ठरावीक खोलीवर थांबत यावे, ही शिस्त त्याच अभ्यासातून रुजली.

चेंबरमध्ये दाबाबरोबर ऑक्सिजनही दिला, तर काम अधिक चोख होते. दाबाने बुडबुडा आक्रसतो, ऑक्सिजन त्यातला नायट्रोजन बाहेर ओढतो आणि उपाशी पडलेल्या पेशींपर्यंत पोचतो. अमेरिकी नौदलाचे 1965 पासूनचे ‘टेबल 6’ आजही जगभर वापरतात. त्यात 18 मीटर खोलीइतक्या दाबावर सुरुवात, मग 9 मीटरवर, आणि एकूण 4 तास 45 मिनिटे. ऑक्सिजन जास्त झाला तर झटके येऊ शकतात, म्हणून मधूनमधून काही मिनिटे साधी हवा दिली जाते.

तारकर्लीचे पाणी उथळ, तेव्हा इथे कसला धोका, असे अनेक जण म्हणतात. नायट्रोजनचा धोका इथे खरोखरच कमी आहे. पण घाबरलेला पर्यटक श्वास कोंडून वर झेपावला, तर फुप्फुसातली हवा फुगते, फुप्फुस फाटते आणि हवेचा बुडबुडा थेट मेंदूकडे जाऊ शकतो. त्याला दीड-दोन मीटर पाणीही पुरते. खोल पाण्यात वारंवार उतरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाळावी. एका डायव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डायव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नये. उंच घाटालाही हेच लागू आहे. आंबोली 600 मीटरहून उंच आहे. सकाळी डायव्ह आणि संध्याकाळी घाट चढून कोल्हापूर, हा बेत त्यांच्यासाठी नव्हे.

चेंबरचा उपयोग डायव्हरपुरता नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे झालेली कार्बन मोनॉक्साइडची बाधा, गॅस गँगरीन, मधुमेही पायाच्या काही चिघळलेल्या जखमा, किरणोपचाराने करपलेल्या पेशी यांवरही त्याचा आधार घेतात. मात्र स्वमग्नतेवर आणि म्हातारपणावर चेंबर हा इलाज म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि डॉक्टरांच्या या सभेने ते स्पष्ट शब्दांत सांगावे, अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे. 1997 मध्ये मिलानच्या एका रुग्णालयात चेंबरला आग लागून 11 जण गेले. शुद्ध ऑक्सिजनशी खेळ चालत नाही. तिथे प्रशिक्षित माणूसच हवा.

मुंबईत कुलाब्याला नौदलाचे अश्विनी रुग्णालय आहे आणि सागरी वैद्यकाचे शिक्षणही तिथेच मिळते. पण उपचारासाठी मालवणहून मुंबई गाठायची, तर वाट सुमारे 500 किलोमीटरची. एवढ्या वाटेवर रुग्णाला तारणारी गोष्ट स्वस्त आहे: आडवे निजवणे आणि मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन, लगेच. पुन्हा पाण्यात उतरवून बरे करण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

म्हणून समितीची विनंती आहे. उद्या निरोप घेण्याआधी परिषदेने दोन ठराव करावेत. डायव्हिंगच्या प्रत्येक होडीवर भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि तो लावता येणारा माणूस असावा. आणि सर्वांत जवळचे चेंबर कोणते, ते चालू आहे का आणि रात्री फोन कोण उचलतो, ही माहिती प्रत्येक गाईडच्या खिशात दर मोसमाच्या आरंभी नव्याने पोचावी.