अनुदानाची मशीन आणि दुरुस्तीचे पैसे

आमच्या गटाची शेवयांची मशीन अनुदानातून आली. दुसऱ्याच वर्षी मोटार जळाली आणि सहा महिने मशीन पोत्याखाली पडून राहिली. दुरुस्तीचे पैसे आम्ही धरलेच नव्हते! मग वाटलं, मोठ्या लोकांचं कसं चालतं ते तरी पाहू.

अमेरिकेत एनआयएच ही सरकारी संस्था रोगांवरच्या संशोधनाला पैसा पुरवते. तिचं एस-10 नावाचं अनुदान सामायिक यंत्रांसाठी असतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारखी, 50,000 डॉलरच्या पुढची यंत्रं. जुनं बदलून नवं घ्यायलाही अर्ज चालतो. पण एकट्या शास्त्रज्ञाला ते मिळत नाही. एनआयएचच्या पैशावर संशोधन करणारे किमान तीन वापरकर्ते दाखवावे लागतात. म्हणजे गटच की! यंत्र कुठं ठेवणार, पाळ्या कशा लावणार, देखरेखीची समिती कोणती, हे सगळं अर्जातच लिहायचं. देखभालीला मात्र अनुदानातून काही नाही. तो खर्च संस्थेनं आधीच लेखी पत्करायचा.

हे वाचलं आणि आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

आता आम्ही किलोमागे दोन रुपये वेगळे काढतो. त्या पैशाला दोघींच्या सह्या लागतात. यावरून एका बैठकीत भांडणही झालं, लपवत नाही. मोटार बसलीय. सोमवारची पाळी सुमनताईंची.