तात्पुरत्या कामगिरीवरील शिक्षक



कामगिरीचा हुकूम हाती पडला की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे प्रथम घर उभे राहते. वृद्ध आईवडील, मुलांचे शिक्षण, रोवणीस आलेली बांधी ह्यांची चिंता वाटणे स्वाभाविक होय. ती कर्तव्यच्युती नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक ह्यांखेरीज अन्य शिक्षणबाह्य कामास शिक्षकास लावण्यास मनाई केली आहे. परंतु दुसऱ्या गावच्या शाळेत जागा रिकामी पडली म्हणून तेथे पाठविलेल्या शिक्षकाचा मुक्काम पुष्कळदा महिनोगणती लांबतो. खरी कसोटी तेथे लागते.

१९९९ साली गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा जिल्ह्यात सात तालुके उरले. तरी वैनगंगाकाठचे पवनी आणि उत्तरेकडील तुमसर ह्यांचे जीवन एक नाही. तुमसरच्या सीमेला मध्य प्रदेश लागून आहे. चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तेथील मुलांच्या बोलण्यात हिंदीची छटा आढळली तर नवल नाही. झाडीबोलीत 'डोळा' हा 'डोरा' होतो. बाहेरून आलेल्या शिक्षकाने पहिल्याच दिवशी हा उच्चार हसण्यावारी नेला, तर मूल तोंड मिटून घेते. बोली ही चूक नव्हे. प्रमाणभाषेच्या वाटेवरील ती पहिली पायरी आहे.

गावाची रीतही जाणून घ्यावी लागते. रोवणी लागली की आईबाप बांधीत असतात आणि थोरले भावंड धाकट्याला सांभाळीत घरी राहते. हे ज्यास ठाऊक नाही, तो गैरहजेरीस आळस समजतो. जो सायंकाळी चार घरी जाऊन येतो, त्यास कारण कळते आणि स्वतःचा एकांतही हलका होतो. घरी फोन करण्याची वेळ ठरलेली असावी, म्हणजे उरलेली संध्याकाळ घड्याळाकडे पाहण्यात जात नाही. घरची अडचण खरोखर गंभीर असेल, तर ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मांडावी. मनात कुढत वर्गात बसणे कोणाच्याच हिताचे नाही.

शिक्षकाची नेमणूक तात्पुरती असते. मुलाची पहिली इयत्ता तात्पुरती नसते. जे चार महिने शिक्षक परतीची वाट पाहण्यात घालवील, त्याच चार महिन्यांत मुलास अक्षरओळख व्हावयाची असते. म्हणून पुऱ्या होतील एवढ्याच गोष्टी हाती घ्याव्या, आणि कोणते मूल कोठवर वाचते, कोणाचे गणित कोठे अडते, ह्याची एक साधी वही ठेवावी. निघताना ती वही पुढील शिक्षकाच्या हाती दिली, तर त्या मुलांना पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागत नाही.