साखरेचा हजेरीपट
(दिघोरी येथील पालक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, विज्ञानाचा शिक्षक आहे. आज आपल्यापुढे रक्ताच्या एका तपासणीविषयी बोलणार आहे.

इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हटले की वर्षभर दांड्या मारणारा मुलगाही त्या दिवशी पहिल्या बाकावर बसलेला असतो. माझे अब्बा असेच करीत. साखर तपासायच्या आधी चार दिवस भात कमी, गोड चहा बंद. रिपोर्ट चांगला आला की घरात आनंद, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पायाची जखम दोन महिने भरेना, तेव्हा डॉक्टरांनी एचबीए१सी ही तपासणी सांगितली. आकडा आला ९. अब्बा गप्प झाले. हजेरीपटाने चुगली केली होती.

हे होते कसे? रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. रक्तातील साखर त्याला चिकटते. पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तोवर चिकटलेली साखर तिच्याबरोबर राहते. म्हणून या तपासणीत मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा सर्वांत मोठा. तिला उपाशीपोटी जावे लागत नाही. ५.७ टक्क्यांखाली आकडा सामान्य, ५.७ ते ६.४ म्हणजे सावध व्हा, आणि ६.५ वा त्यापुढे मधुमेह; मात्र त्याची एकदा फेरतपासणी करून खात्री करतात. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४, तर ९ टक्के म्हणजे सुमारे २१२. बहुतेक रुग्णांनी ७ च्या आसपास राहावे असे सांगतात. वृद्धांना थोडी सूट असते.

विद्यार्थी मित्रांनो, हा शोध कसा लागला तेही ऐका. इराणमधील हमदान शहरात जन्मलेले सॅम्युएल रहबर तेहरानमध्ये हिमोग्लोबिनचे प्रकार तपासत होते. मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना एक वेगळा पट्टा दिसला. तो डाग म्हणून त्यांनी सोडून दिला नाही. १९६८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. निरीक्षणाचे मोल हे असे असते.

परंतु आपल्या भंडारा जिल्ह्यासाठी एक इशारा आहे. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या रोगात तांबड्या पेशी लवकर मरतात. साखर चिकटायला त्यांना पुरते दिवसच मिळत नाहीत, आणि आकडा खोटा कमी येतो. सिकलसेलच्या वाहकांतही काही यंत्रांच्या पद्धतीने आकडा चुकू शकतो. नुकतेच रक्त चढवले असेल तरी हीच गत. उलट लोहाच्या कमतरतेने, जी आपल्या भगिनींत फार आढळते, आकडा खोटा वाढू शकतो. म्हणून बोटाच्या रक्ताची साखर २५० आणि एचबीए१सी मात्र ६ असे दिसले, तर खूष होऊ नका, डॉक्टरांना विचारा. अशा वेळी फ्रुक्टोसामीनसारखी दुसरी तपासणी असते, ती दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते. सिकलसेल हा अमुक एका समाजाचा रोग, असे समजून निश्चिंतही राहू नका. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. मुलामुलींची तपासणी लग्न ठरण्याआधी करून घ्या; त्यात लाज कसली?

रोजे धरू इच्छिणाऱ्या मधुमेही बुजुर्गांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे, औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. परस्पर गोळी बंद करू नये.

अब्बांची जखम पुढे भरली, पण एक बोट गमवावे लागले. हजेरीपट दोन वर्षे आधी पाहिला असता तर कदाचित ते वाचले असते. मुलांनो, आज घरी गेल्यावर अब्बांना, अम्मीला, दादांना एकच विचारा : तीन महिन्यांची तपासणी केव्हा केली होती?