बारा फळ्या आणि आपला दावा
(पैठणच्या शिबिरातलं भाषण)



आज आपण पैठणात बसलोय. दोन हजार वर्षांमागं इथनं माल गाड्यांनी भडोच बंदराला जायचा, तिथनं जहाजानं रोमच्या राज्यात. त्या रोमच्या कायद्याचं आज बोलू. आपल्या दाव्याशी त्याचा संबंध आहे.

रोममध्ये आधी कायदा लिहिलेला नव्हता. बडी घराणी अन् पुरोहित सांगतील तो न्याय. गरीब लोक भांडले, तेव्हा इसवीसनापूर्वी ४५० च्या सुमाराला तो बारा फळ्यांवर लिहून चौकात लावला. पैठणातही न्याय पंडितांच्या तोंडी होता. ज्ञानेश्वर अन् त्यांची भावंडं शुद्धिपत्र मागायला इथंच आली, असं सांगतात.

त्या फळ्यांत होतं, की जमीन दोन वर्षं कब्जात राहिली, तर कब्जेदार मालक. पुढं जस्टिनियन बादशहाच्या काळात, ५३३ साली, लिहिलं गेलं, की हवा, वाहतं पाणी, समुद्र सगळ्यांचे. पोर्तुगीजांचा १८६७ चा दिवाणी कायदा त्याच मुळाचा. गोव्यात नवरा-बायकोची मिळकत निम्मी-निम्मी धरतात, ते त्यातूनच आलं.

पण रोमचं कौतुक नको. त्यांनी दुसऱ्यांचे मुलूख जिंकले, माणसं गुलाम केली. कब्जाचा तो हक्क रोमच्या नागरिकालाच होता.

इंग्रजांचा कायदा कोर्टाच्या जुन्या निवाड्यांवर चालतो. त्यांनी १८७८ च्या कायद्यानं जंगल सरकारी केलं अन् आपण आपल्याच रानात चोर ठरलो. आपला कायदा फळीवरही नव्हता, निवाड्यातही नव्हता. शिव कुठली, पाणी कुणाचं, हे जाणत्यांना ठाऊक असायचं.

१९९६ साली सुप्रीम कोर्टानं रोमचाच तो विचार घेऊन सांगितलं, की नदी, जंगल यांचं सरकार विश्वस्त आहे. आणि २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कसत असेल, तर चार हेक्टरपर्यंत त्याचा हक्क आहे.

आता कामाचं. "कागद नाही" म्हणून आपले लोक घाबरतात. नियम नीट ऐका. पुरावे दोन तरी लागतात. पण दंडाची पावतीच पाहिजे असं नाही. बांध, सपाट केलेलं शेत, झोपडी, हाही पुरावा. दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, तोही पुरावा.

आपल्या गावातली म्हातारी माणसं एकेक करून चाललीत. माणूस गेला की त्याचा जबाबही गेला. म्हणून परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक पाड्यावर बसू, शिकलेली पोरं वही घेतील, जबाब लिहून सही-अंगठा घेऊ, ग्रामसभेत वाचू. ठराव विरोधात गेला, तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडं अर्ज करू.

रोमच्या गरिबांनी कायदा लिहून घेतला. आपण आपली आठवण लिहून घेऊ.

जोहार! जिंदाबाद!